चेनगाईड आणि बॅशगार्ड : गिऱ्हाइकाला काय द्यायचं, कधी द्यायचं आणि कधी नाही म्हणायचं



सायकल सर्व्हिसिंगचं दुकान किंवा माउंटन बाईक भाड्याने देण्याचा व्यवसाय सुरू करायचा विचार असेल, तर आजचा विषय तुमच्या कामाचा आहे. डोंगरात सायकल चालवणारं गिऱ्हाईक दुकानात येऊन साधारण दोन तक्रारी सांगतं. "उतारावर चेन पडते" ही पहिली आणि "दगडावर आपटून पुढचे दात वाकले" ही दुसरी. पहिल्या तक्रारीवर चेनगाईड आणि दुसरीवर बॅशगार्ड, असं सरळ उत्तर देता येतं. पण इथेच नवीन दुकानदाराचे पैसे अडकतात. हे पार्ट 'एकच माप, सगळ्यांना चालेल' असे नसतात. चुकीचा आणला तर बसत नाही, आणि जबरदस्तीने बसवला तर फ्रेम खराब होते.

आधी दोन्हींचं काम समजून घ्या

चेनगाईड चेनला पुढच्या चेनरिंगवर धरून ठेवतो. चेनरिंग म्हणजे आपले मेकॅनिक ज्याला चेनव्हील म्हणतात ते. साध्या प्रकारात फक्त वरच्या बाजूला छोटा पिंजरा असतो. जास्त पक्क्या प्रकारात खालीही रोलर किंवा पट्टी असते.

बॅशगार्डचा चेन धरण्याशी फारसा संबंध नाही. दगड, पायरी किंवा ओंडका चेनरिंगवर आपटू नये म्हणून ती ढाल असते. दोन्ही कामं करणारे एकत्र सेटही मिळतात. तरी गिऱ्हाइकाची अडचण नेमकी कोणती, हे आधी विचारा.

चेन पडते म्हणजे चेनगाईडच हवा, असं नाही

2012 मध्ये स्रॅमने एक्सएक्स1 हा सेट आणला. त्यात पुढे एकच चेनरिंग आणि तिचे दात एक जाड, एक बारीक असे आलटून पालटून होते. त्यामुळे चेन दातांवर घट्ट बसते. त्याच सुमारास क्लच असलेले मागचे डिरेलर आले, जे चेनला उडू देत नाहीत. या दोन गोष्टी असलेल्या सायकलला साध्या ट्रेलवर बहुतेक वेळा चेनगाईड लागतच नाही. म्हणून विकण्याआधी हे तपासा:

1. चेन ताणली गेली आहे का? चेन चेकर लावा. 11 आणि 12 स्पीडला 0.5 टक्के, 10 स्पीड आणि त्याखाली 0.75 टक्के झिजली की चेन बदला.
2. चेनरिंगचे दात झिजून आकड्यासारखे झालेत का? बोल्ट सैल आहेत का?
3. चेन गरजेपेक्षा लांब आहे का?
4. मागचा हँगर वाकलाय का?
5. क्लचची कळ बंद राहिली आहे का? शिमानोच्या डिरेलरवर चाक काढताना ती बंद करतात आणि परत चालू करायला विसरतात.
6. पुढे दोन-तीन चेनरिंग असतील, तर पुढच्या डिरेलरचे लिमिट स्क्रू बरोबर आहेत का?

यातलं काही सापडलं तर आधी तेच दुरुस्त करा. चेन आतल्या बाजूला, म्हणजे बीबीकडे पडत असेल आणि पुढे डिरेलर असेल, तर सीट ट्यूबला लागणारा छोटा चेन कॅचर पुरतो. हे सगळं नीट असूनही खडकाळ उतारावर चेन पडते, तेव्हा चेनगाईड सुचवा.

फ्रेमवर बसणार कुठे?

चेनगाईड निवडताना ब्रँड नंतर, बसायची जागा आधी बघायची. मुख्य प्रकार चार:

- आयएससीजी-05 : बीबीभोवती फ्रेमलाच तीन कान असतात, त्यांना बोल्ट लागतात. सगळ्यात मजबूत प्रकार.
- जुना आयएससीजी : हेही तीन कान, पण भोकांची जागा वेगळी. 05 चा गाईड यावर सरळ बसत नाही. जुनी सायकल आली तर मोजूनच मागवा.
- बीबी माउंट : कान नसतील आणि बीबी आट्याची असेल तर हा चालतो. गाईडची पट्टी फ्रेम आणि उजव्या कपाच्या मध्ये येते. बाहेरच्या बेअरिंगच्या बीबीत तिथे 2.5 मिमीचा स्पेसर असतो, त्याच्या जागी ही पट्टी बसते. स्पेसर न काढता पट्टी घातली तर क्रँक नीट बसत नाही. प्रेसफिट बीबीला हा प्रकार सहसा चालत नाही.
- सीट ट्यूबचा : क्लॅम्पने किंवा पुढच्या डिरेलरच्या जागी बसतो. यात फक्त वरचा पिंजरा मिळतो, पण हलका आणि बसवायला सोपा.

पुढे डिरेलर असलेल्या सायकलला वरचा पिंजरा लावता येत नाही, कारण चेनला एका रिंगवरून दुसरीवर जायचं असतं.

आपल्याकडे पावसाळी ट्रेलवर लाल माती आणि चिखल असतो. बंदिस्त पिंजऱ्यात आणि खालच्या रोलरमध्ये तो साचतो, मग घासण्याचा आवाज येतो आणि पायडल जड लागतं. त्यामुळे सह्याद्रीत फिरणाऱ्या साध्या रायडरला वरचा, थोडा मोकळा पिंजरा बरा. खालचा रोलर वेगाने उतरणाऱ्या, रेस करणाऱ्या रायडरसाठी ठेवा.

बॅशगार्ड : क्रँकवर की फ्रेमवर?

क्रँकवर बसणारा गोल गार्ड चेनरिंगच्या बोल्टांवरच लागतो. जुन्या तीन चेनरिंगच्या चांगल्या क्रँकवर बाहेरची मोठी रिंग काढून तिथे तो बसवता येतो. या क्रँकना चार बोल्ट असतात आणि बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास बहुधा 104 मिमी असतो. मोजायची सोपी युक्ती: शेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यांमधलं अंतर 73.5 मिमी आलं, की तो 104 मिमीचा. शिमानोच्या नंतरच्या काही क्रँकवर 96 मिमीचं, असमान अंतराचं माप आहे. तिथे 104 चा गार्ड बसणार नाही.

मोठी रिंग काढल्यावर पुढच्या डिरेलरचा बाहेरचा लिमिट स्क्रू आत घ्यायला विसरू नका. नाहीतर चेन गार्डवर चढेल.

दोन ठिकाणी स्पष्ट 'नाही' म्हणा. स्वस्त सायकलींच्या क्रँकवर चेनरिंगा रिव्हेट मारून पक्क्या केलेल्या असतात. तिथे बोल्टच नाहीत, म्हणजे पूर्ण क्रँकसेट बदलावा लागेल. आणि डायरेक्ट माउंट क्रँकवर चार बोल्टांचा गार्ड लागत नाही.

फ्रेमवर बसणारा गार्ड आयएससीजीच्या कानांना लागतो आणि चेनरिंगच्या फक्त खालच्या भागाला झाकतो. वजन कमी, पण दगडाचा मार सरळ कानांवर जातो. कार्बन फ्रेम असेल तर फ्रेम कंपनीची परवानगी बघितल्याशिवाय लावू नका. पार्ट काही हजारांचा आणि फ्रेम त्याच्या कितीतरी पट महाग. तो कान तुटला तर गिऱ्हाईक तुमच्याच दारात येणार.

मटेरियलचं थोडक्यात: पॉलिकार्बोनेट किंवा नायलॉन दगडावरून घसरतं आणि हलकं असतं, पण जोरात आपटलं तर तडकतं. अ‍ॅल्युमिनियम जास्त मार खातं, ओरखडे पडतात. गार्डवर किती दातांपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. 32 दातांच्या रिंगला 32 किंवा 34 पर्यंतचा घ्या. उगाच मोठा घेतला तर जमिनीपासूनची उंची कमी होते आणि तोच आधी आपटतो.

बसवल्यावर एवढं तपासा

मागच्या सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या गिअरवर पायडल उलटं-सुलटं फिरवा. चेन पिंजऱ्याला घासता कामा नये. घासत असेल तर गाईडचे स्पेसर बदलून चेनलाईन जुळवा. मागे सस्पेन्शन असेल तर ते पूर्ण दाबूनही बघा. बोल्टला टॉर्क रेंच वापरा. शिमानोच्या हॉलोटेक क्रँकचे डाव्या हाताचे दोन बोल्ट 12 ते 14 न्यूटन मीटरला आवळायचे असतात.

आता दुकानाचं गणित

समजा, चार प्रकारचे गाईड तुम्ही प्रत्येकी दोन आणून ठेवले आणि सरासरी खरेदी 2,500 रुपये धरली. म्हणजे 20,000 रुपये कपाटात पडून. त्यातला एखादा प्रकार वर्षभर कुणी मागितलाच नाही तर? (आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत.)

म्हणून सुरुवातीला असं करा:

- स्टॉकमध्ये : चेन कॅचर, चेनरिंग बोल्ट, स्पेसर, 104 मिमीचे एक-दोन बॅशगार्ड.
- ऑर्डरवर : चेनगाईड आणि फ्रेमवरचे गार्ड. फ्रेमचा फोटो आणि माप घ्या, अ‍ॅडव्हान्स घ्या, मगच मागवा.
- मजुरी वेगळी : तपासणीचे आणि फिटिंगचे दर बोर्डावर लिहा. बीबी माउंटसाठी क्रँक आणि बीबी दोन्ही उघडावी लागते, त्याची मजुरी सीट ट्यूबच्या गाईडइतकीच ठेवू नका.

भाड्याच्या सायकलींचा हिशोब वेगळा. तिथे चालवणारा नवखा असतो, पायऱ्या आणि दगड त्याला चुकवता येत नाहीत. खडकाळ ट्रेलवर जाणाऱ्या सायकलीला बॅशगार्ड आधीच लावून ठेवा. आणि शक्यतो सगळ्या सायकली एकाच मॉडेलच्या घ्या, म्हणजे एकाच मापाचे पार्ट सगळ्यांना चालतील.

आणि गिऱ्हाईक रोज सोसायटी ते ऑफिस डांबरी रस्त्यानेच जात असेल, तर त्याला सरळ सांगा, "साहेब, तुम्हाला याची गरज नाही, चेन बदलली की काम होईल." त्या दिवशी बिल कमी होईल, पण पुढच्या सर्व्हिसिंगला तो तुमच्याकडेच येईल आणि ग्रुपमधल्या दोघांना घेऊन येईल.

या आठवड्याचं काम : ओळखीतल्या पाच माउंटन बाईक बघा. प्रत्येकीचं बीबी कोणतं, कान आहेत का, क्रँकचे बोल्ट किती आणि किती मापाचे, पुढे रिंगा किती, हे वहीत लिहा. तुमच्या भागात कोणता माल लागणार आणि कोणता पडून राहणार, याचा अंदाज त्या एका पानावरून यायला लागेल.