जहाजांतील नळ, झडपा व मापनयंत्रें

मुंबई बंदरांत नांगरून पडलेलें एखादें मोठें जहाज आपल्यापैकीं पुष्कळांनीं लांबून पाहिलें असेल. त्याचें धुराडें, त्याची डोलकाठी व वर फडकणारें निशाण पाहून मन थक्क होतें. परंतु जहाजाचें जीवन या दिसणाऱ्या वस्तूंवर अवलंबून नसतें. त्याच्या पोटांत, पाण्याच्या पातळीखालीं, नळांचें एक विस्तीर्ण जाळें पसरलेलें असतें. सागरी यंत्रविद्येचा नवशिका तरुण जेव्हां प्रथमच यंत्रशाळेंत उतरतो, तेव्हां त्याच्या हातीं लगेच यंत्र देत नाहींत. एक विजेरी व एक वही घेऊन या नळांचा मार्ग शोधून काढ, असें त्यास सांगण्यांत येतें. हें शिक्षण कशाचें व त्याचें इतकें महत्त्व कां, हें प्रस्तुत लेखांत थोडक्यांत पाहूं.

जहाज म्हणजे पाण्यावर तरंगणारें एक गांवच होय. गांवाला पाणी लागतें, इंधन लागतें, सांडपाण्याची वाट लागते व आग विझविण्याची तजवीज लागते. जहाजालाही हें सर्व लागतें. शिवाय तप्त यंत्रें निवविण्याच्या कामीं समुद्राचें पाणी आंत घ्यावें लागतें, यंत्रांच्या सांध्यांना वंगण पुरवावें लागतें, आणि मोठें डिझेल यंत्र सुरू करण्यासाठीं वातावरणाच्या सुमारें ३० पट दाबाची हवा सांठवून ठेवावी लागते. या प्रत्येक पदार्थाचा नळ निराळा. ते एकमेकांपासून ओळखतां यावे म्हणून त्यांवर रंगाचे पट्टे देतात. आंतरराष्ट्रीय संकेताप्रमाणें समुद्राच्या पाण्यास हिरवा, गोड्या पाण्यास निळा, इंधनास तपकिरी, वाफेस रुपेरी व आग विझविण्याच्या नळास तांबडा रंग असतो. परंतु रंग उडतो, तेलकट मळानें झांकला जातो. म्हणून चांगला शिकाऊ केवळ रंगावर विसंबत नाहीं. तो नळाच्या आरंभापासून शेवटापर्यंत, प्रसंगीं पोटावर सरपटत जातो, वाटेंतील प्रत्येक झडप वहींत टिपतो व स्वतःच्या हातानें नकाशा काढतो. अंधारांत, धुरांत किंवा गोंधळाच्या वेळीं हाच नकाशा त्याच्या उपयोगीं पडतो. मात्र तो तेव्हां वहींत असून चालत नाहीं, डोक्यांत असावा लागतो.

आतां झडपांकडे वळूं. झडप अथवा व्हॉल्व्ह म्हणजे नळाचें दार. सर्वच दारें सारखीं नसतात. पहिला प्रकार गेट व्हॉल्व्ह. यांत एक पाचर वरून खालीं सरकते व वाट बंद करते. तो पूर्ण उघडा ठेवावा किंवा पूर्ण बंद ठेवावा. अर्धवट उघडा ठेविल्यास जोराच्या प्रवाहानें पाचर थरथरते व झिजते. दुसरा प्रकार ग्लोब व्हॉल्व्ह. यांत एक चकती बैठकीवर येऊन बसते. प्रवाह कमीअधिक करणें झाल्यास हा योग्य. तिसरा प्रकार एकमार्गी झडपेचा. ती प्रवाहाला पुढें जाऊं देते, मागें फिरूं देत नाहीं. सायकलच्या ट्यूबमध्यें हवा भरतांना तुम्हीं हीच युक्ति वापरतां. आणि आपल्या हृदयांतही रक्त उलट वाहूं नये म्हणून निसर्गानें अशाच झडपा बसविल्या आहेत. चौथा प्रकार संरक्षक झडपेचा. दाब मर्यादेबाहेर गेला म्हणजे ती कोणाच्याही आज्ञेची वाट न पाहतां आपोआप उघडते. आपल्या घरांतील प्रेशर कुकरची शिट्टी तेंच काम करते.

एकमार्गी झडपेचें महत्त्व एका उदाहरणानें ध्यानांत येईल. जहाजाच्या तळाशीं नेहमीं थोडें पाणी सांचतें. त्यास खलाशी बिल्ज म्हणतात. जो पंप हें पाणी उपसतो, तोच पुष्कळदां समुद्राचें पाणीही ओढूं शकतो. एखाद्यानें चुकून दोन्ही वाटा एकदम उघडल्या, तर समुद्र त्याच नळांतून उलट जहाजांत शिरेल. तसें होऊं नये म्हणून बिल्जच्या वाटेवर एकमार्गी झडप बसवितात. ती कचऱ्यानें अडकून राहिली तर काय होईल, याचा हिशेब करून पाहा. पाण्याच्या पातळीखालीं ५ मीटर खोलीवर १० सेंटिमीटर व्यासाचें छिद्र मोकळें राहिलें, तर दर मिनिटास अडीच ते तीन टन पाणी आंत येईल. म्हणजे एका तासांत सुमारें दीडशें टनांहून अधिक! केवळ तळहाताएवढें एक छिद्र जहाजाला पुरेसें आहे.

वाफेच्या झडपेचा एक नियम असा कीं, ती कधींही एकदम उघडूं नये. थंड नळांत वाफेचें पाणी होऊन सांचलेलें असतें. वाफ जोरानें आली म्हणजे ती हें पाणी गोळ्यासारखें पुढें फेंकते व वळणावर आदळून नळ फोडते. म्हणून प्रथम सांचलेलें पाणी काढून टाकावें, झडप किंचित्‌ उघडून नळ तापूं द्यावा व मगच सावकाश पुरती उघडावी.

नळाच्या आंत काय चाललें आहे तें डोळ्यांना दिसत नाहीं. यासाठीं मापनयंत्रें असतात. त्यांपैकीं सर्वांत परिचित दाबमापक फ्रान्समधील यूजीन बूर्दाँ यांनीं १८४९ सालीं पुढें आणला. त्याची रचना नवलाची पण सोपी आहे. जत्रेंत मिळणारी गुंडाळलेल्या कागदाची पिपाणी फुंकली म्हणजे उलगडते, हें तुम्हीं पाहिलेंच आहे. तशीच एक चपटी, विळ्यासारखी वांकविलेली धातूची नळी या यंत्रांत असते. आंतील दाब वाढला कीं ती किंचित्‌ सरळ होऊं पाहते. तिच्या टोंकाची ती सूक्ष्म हालचाल दांतेरी चाकांनीं मोठी होऊन कांटा फिरवते. मात्र कांटा शून्यावर असला म्हणजे आंत कांहींच नाहीं असें समजूं नये. आंतील व बाहेरील हवेचा दाब सारखा आहे एवढाच त्याचा अर्थ.

दोन कांटे एकत्र वाचतां येणें ही खरी विद्या होय. पंपाच्या शोषणबाजूचा कांटा शून्याच्या फार खालीं गेला व पुढील बाजूचा दाबही उतरला, तर गाळणी तुंबली असावी, अथवा शोषणाची झडप बंद असावी. उलट पुढील दाब चढला पण पाणी मात्र पोंचत नाहीं, तर पुढची वाट कोठेंतरी बंद आहे. वैद्य नाडी व जीभ दोन्ही पाहून रोग ठरवितो, तसेंच हें आहे.

परंतु यंत्रही फसवूं शकतें. बाष्पकाच्या बाजूस पाण्याची पातळी दाखविणारी कांचेची नळी असते. ती वरून वाफेस व खालून पाण्यास जोडलेली असते. वरची वाट तुंबली तर कांचेंतील वाफ निवून तींत पाणी चढतें, व बाष्पकांत पाणी संपत आलें असतांही कांच भरलेली दिसते. म्हणून जाणता मनुष्य तोट्या फिरवून दोन्ही वाटा मोकळ्या असल्याची खात्री वरचेवर करून घेतो. नुसतें पाहणें व पडताळून पाहणें यांत असा जीवनमरणाचा भेद आहे.

या भेदाची एक दुःखद साक्ष इतिहासांत नमूद आहे. १९९० सालच्या ऑक्टोबर महिन्यांत अमेरिकन आरमाराच्या 'इवो जिमा' या जहाजावरील वाफेच्या एका झडपेची दुरुस्ती बहरीन येथें झाली. झडपेच्या झांकणास पोलादी नट हवे होते. त्यांऐवजीं पितळेचे बसविले गेले. त्यांवर काळा लेप असल्यामुळें ते पोलादासारखेच दिसत होते. पण पितळ तप्त वाफेच्या उष्णतेंत दुबळें होतें. ३० ऑक्टोबर रोजीं वाफ सोडल्यावर झांकण उडालें, यंत्रशाळा जळत्या वाफेनें भरली व १० माणसें प्राणांस मुकलीं. नट केवढे, तर मुठींत मावतील एवढे! त्यांचा रंग पाहिला गेला, धातु पारखला गेला नाहीं.

आपल्या कोंकण किनाऱ्यावरील अनेक घराण्यांत दर्यावर्दीपणा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मुंबईस १९२७ सालीं 'डफरिन' हें शिक्षणजहाज सुरू झालें, व १९४९ सालीं सागरी यंत्रविद्येच्या शिक्षणाची सरकारी व्यवस्था मुंबई व कलकत्ता येथें झाली. तेव्हांपासून येथील कित्येक तरुण या विद्येंत निपुण झाले. ज्या पालकांचा मुलगा किंवा मुलगी या मार्गानें जाऊं इच्छिते, त्यांनीं एवढेंच ध्यानांत ठेवावें कीं, या धंद्याचा पाया पदार्थविज्ञान व गणित यांच्या जोडीला सावधपणा हा आहे.

विद्यार्थी मित्रहो, याचा आरंभ करण्यास जहाजाची वाट पाहावयास नको. येत्या रविवारीं आपल्या घरांतील पाण्याचा नळ टांकीपासून शेवटच्या तोटीपर्यंत शोधून काढा. वाटेंतील प्रत्येक झडप कागदावर मांडा. कोणती बंद केली असतां कोठलें पाणी थांबेल हें आधीं लिहा आणि मग वडीलधाऱ्यांच्या अनुमतीनें करून पाहा. तुमचें अनुमान चुकलें तर लाजूं नका. घरच्या तोटीपाशीं झालेली चूक एक बादली पाणी सांडते. तीच भर समुद्रांत झाली तर किती घरें अंधारांत जातील, हें वर सांगितलेंच आहे.