प्रत्येक पाइप मर्यादेत, तरी खाडी मेलेली का? कोपरच्या पाण्याचा हिशोब

डोंबिवली आणि दिवा यांच्या मधल्या कोपर स्थानकातून मध्य रेल्वेच्या लोकल जातात आणि वरच्या पुलावरून दिवा-वसई मार्गाच्या गाड्या. गाडीतल्या माणसाला सहसा दिसत नाही ती जवळच वाहणारी उल्हास नदीची खाडी. राजमाचीच्या डोंगरात उगम पावलेली उल्हास कर्जत, बदलापूर, कल्याण करत इथवर येते आणि पुढे घोडबंदरच्या बाजूने वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. वाटेत अंबरनाथ-उल्हासनगरचे पाणी घेऊन आलेली वालधुनी तिला कल्याणजवळ मिळते. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतले आणि आपल्या घरांतले सांडपाणीही शेवटी याच खाडीत जाते.

प्रदूषणाची बातमी आली की दोन विधाने ठरलेली असतात. रहिवासी म्हणतात, पाणी काळे आहे, वास येतो, मासळी गेली. कारखानदार आणि अधिकारी म्हणतात, तपासणीत सगळे मर्यादेत आढळले. आपल्याला वाटते, दोघांपैकी कुणीतरी खोटे बोलत असणार. पण दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. ते कसे, हे समजून घ्यायचे तर पर्यावरण रसायनशास्त्रात ज्याला ‘मॉडेल’ म्हणतात ते समजून घ्यावे लागते.

मॉडेल म्हणजे काय?

मॉडेल म्हणजे संगणकावरचे रंगीत चित्र नव्हे. मॉडेल म्हणजे जमाखर्च. खाडीच्या एका तुकड्यात किती घाण आली, किती पुढे गेली, किती कुजून संपली, किती गाळात बसली आणि किती हवेत उडाली, याची वही. जमा आणि खर्च जुळले की हिशोब बरोबर.

नदीसाठी असा पहिला मोठा हिशोब १९२५ मध्ये अमेरिकेत झाला. ओहायो नदीचा अभ्यास करताना हॅरॉल्ड स्ट्रीटर आणि अर्ल फेल्प्स यांनी एक साधी गोष्ट गणितात मांडली. सांडपाण्यातले सेंद्रिय पदार्थ कुजवताना जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन खातात, आणि हवेतून पाण्यात नवा ऑक्सिजन विरघळत राहतो. खाण्याचा वेग भरण्याच्या वेगापेक्षा जास्त असला की ऑक्सिजन खाली जातो, आणि तो सर्वांत खाली जातो ते ठिकाण सांडपाणी सोडल्याच्या जागी नसून काही अंतर पुढे असते. म्हणजे घाण एका गावात सोडली जाते आणि मासे पुढच्या गावात मरतात. ठाकुर्ली, मोठागाव, कोपर, दिवा अशी एकामागून एक गावे असलेल्या काठावर हे वाक्य नीट लक्षात ठेवावे.

मर्यादेची बेरीज

आता हिशोब करू. जिवाणूंना घाण कुजवायला किती ऑक्सिजन लागेल, या मापाला बीओडी म्हणतात. प्रक्रिया केलेले सांडपाणी नदीनाल्यात सोडताना बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी, असा देशातला सर्वसाधारण नियम आहे. डोंबिवलीत कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी दोन सामायिक प्रक्रिया केंद्रे उभी राहिली. एकाची क्षमता रोज १६ दशलक्ष लिटर, दुसऱ्याची दीड दशलक्ष लिटर. समजा दोन्ही केंद्रे पूर्ण क्षमतेने चालली आणि त्यांनी नियम तंतोतंत पाळला. १७.५ दशलक्ष लिटर गुणिले ३० मिलिग्रॅम, म्हणजे रोज ५२५ किलो ऑक्सिजनची मागणी खाडीवर पडली. हे सगळे कायदेशीर.

आपल्या हवामानात स्वच्छ पाण्यात लिटरला साधारण साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. मासळी जगण्यासाठी किमान ४ मिलिग्रॅम हवा, असे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे वर्गीकरण सांगते. म्हणजे खाडीच्या प्रत्येक लिटरला खर्च करण्यासारखा ऑक्सिजन साडेतीनच मिलिग्रॅम. ५२५ किलोची मागणी पुरी करायला रोज १५ कोटी लिटर स्वच्छ पाणी लागेल. हवेतून होणारी भर धरली तर थोडे कमी लागेल. पण त्या केंद्रांच्या वरच्या बाजूला बदलापूर आहे, अंबरनाथ आहे, उल्हासनगर आहे, कल्याण आहे. प्रत्येक जण आपापल्या मर्यादेत राहून त्याच साडेतीन मिलिग्रॅमवर हक्क सांगतो. ज्या स्वच्छ पाण्याच्या भरवशावर मर्यादा ठरली, ते पाणी कोपरला पोहोचते का, हा प्रश्न विचारावाच लागतो.

आणि आपला वाटा

हा हिशोब फक्त कारखान्यांवर थांबवणे अप्रामाणिकपणाचे होईल. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास होती, आज ती त्याहून बरीच मोठी आहे. घरगुती सांडपाणी प्रक्रिया न करता सोडले तर त्याची बीओडी लिटरला २०० मिलिग्रॅम धरायला हरकत नाही. असे रोजचे फक्त १० दशलक्ष लिटर पाणी नाल्यातून थेट खाडीत गेले, तरी मागणी २,००० किलो होते. म्हणजे वरच्या दोन्ही केंद्रांच्या जवळजवळ चौपट. भिक्खूंनी पाण्यात मलमूत्र टाकू नये, थुंकू नये, हा नियम विनयात अडीच हजार वर्षांपूर्वी घातला गेला. आपल्या शहरांनी नळजोडण्या दिल्या, मजले वाढवले आणि मैला वाहून न्यायचे काम नाल्यांवर सोडले.

मग कारखान्यांचा प्रश्न लहान ठरतो का? नाही. बीओडी फक्त कुजणाऱ्या घाणीचे माप आहे. रंग, द्रावके आणि अनेक कृत्रिम रसायने जिवाणूंना सहज पचत नाहीत, म्हणून ती बीओडीत पुरती दिसत नाहीत. त्यासाठी सीओडी हे दुसरे माप आहे, आणि त्याची सर्वसाधारण मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. नमुन्यात बीओडी कमी आणि सीओडी बरीच जास्त दिसली, तर त्या पाण्यात न कुजणारे काहीतरी आहे असा संशय घ्यायला जागा असते. अहवाल वाचताना या दोन आकड्यांमधले अंतर आवर्जून पाहावे.

भरती-ओहोटीचा फेरा

ओहायोचे गणित एकाच दिशेने वाहणाऱ्या नदीचे होते. कोपरचे पाणी तसे नाही. दिवसातून दोनदा भरती येते, दोनदा ओहोटी होते. सकाळी खाली गेलेली घाण दुपारी परत वर येते, पुन्हा खाली जाते. पावसाळ्यात नदीला पूर असतो, तेव्हा सगळे समुद्राकडे ढकलले जाते. उन्हाळ्यात वरून येणारे पाणी आटते आणि तीच घाण अनेक दिवस पुढे-मागे हेलकावत राहते. कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि जिवाणू जास्त वेगाने काम करतात. संकट दोन्ही बाजूंनी येते.

म्हणून नमुना केव्हा घेतला, हे नमुन्याच्या आकड्याइतकेच महत्त्वाचे. भर भरतीला, दुपारच्या उन्हात घेतलेले पाणी चांगले दिसते, कारण समुद्राचे पाणी मिसळलेले असते आणि शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडत असते. मे महिन्यातल्या पहाटे, ओहोटी संपताना घेतलेले पाणी खरी परिस्थिती सांगते. तारीख आणि भरतीची वेळ नसलेला अहवाल अर्धवटच समजावा.

जे कुजत नाही ते कुठे जाते?

काही पदार्थ वाहूनही जात नाहीत आणि कुजतही नाहीत. १९७९ मध्ये कॅनडातले शास्त्रज्ञ डोनाल्ड मॅके यांनी एक उपयुक्त प्रश्न मांडला: प्रत्येक रसायनाची पळून जाण्याची ओढ कुठे आहे? बेंझीनसारखे द्रावक पाण्यात सोडले तरी हवेकडे धावते. अनेक रंग पाण्यातच राहतात. पारा गाळाला चिकटतो आणि तिथून मासळीत शिरतो. ही ओढ माहीत असली की कुठे शोधायचे ते कळते.

उल्हास खाडीत हे घडलेले आहे. नदीकाठच्या कॉस्टिक सोडा उद्योगात पूर्वी पारा वापरला जाई. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मुंबई केंद्रातील शास्त्रज्ञांनी खाडीच्या गाळाचे नमुने तपासले, तेव्हा खाडीच्या वरच्या भागात पाऱ्याचे प्रमाण जास्त आणि समुद्राकडे ते कमी होत गेलेले आढळले. गाळ थराथराने साचतो, त्यामुळे त्यात जुन्या वर्षांची नोंद राहते. पाणी महिनाभरात बदलते, गाळ विसरत नाही. जपानमधल्या मिनामाता येथे १९५६ मध्ये उघड झालेला आजार याच मार्गाने आला होता: कारखाना, गाळ, मासे आणि शेवटी रोज मासे खाणारी गरीब कोळी कुटुंबे. पाण्यात पारा इतका कमी होता की तो विरळ होईल असे मानले गेले होते. अन्नसाखळीत तो पायरीपायरीने साठत गेला.

हवेचाही असाच हिशोब

जानेवारी २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला. फेब्रुवारी २०२० मध्ये औद्योगिक वसाहतीतला रस्ता गुलाबी झाला. लोक हसले, छायाचित्रे फिरली. पण रंग दिसला म्हणून बातमी झाली, बिनरंगी वाफेची होत नाही. हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते. ती वरची हवा झाकणासारखी बसते आणि धूर वर जात नाही. त्यामुळे चिमणीतून तेवढाच धूर निघाला तरी जानेवारीच्या पहाटे नाकात जास्त जातो. वर्षभराच्या सरासरीत ही पहाट हरवते.

न जुळणारा आकडाच पुरावा

मॉडेल चुकू शकते, आणि तिथेच त्याचा मोठा उपयोग आहे. नोंद असलेल्या सगळ्या पाइपांची बेरीज करून खाडीत जेवढी घाण असायला हवी, त्यापेक्षा प्रत्यक्षात बरीच जास्त सापडली, तर फरक कुठून आला? एक तर नोंदी खोट्या आहेत, किंवा नोंद नसलेला मार्ग आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात टँकरमधून वालधुनीत रसायन ओतले गेले आणि शेकडो रहिवाशांना त्रास झाला. असा टँकर कोणत्याही संमतीपत्रात नसतो. हिशोबातल्या फरकात मात्र तो दिसू शकतो.

कारणाशिवाय परिणाम नाही, आणि कारण थांबले की परिणाम थांबतो, हा विचार आपल्याला परका नाही. मॉडेल त्याच विचाराला किलो, लिटर आणि तासांची जोड देते. खाडीचा कोप नाही, नशीब नाही. अमुक कारणाचा वाटा इतका, तमुकाचा इतका.

संपूर्ण नदीखोरे हा एकच घटक मानून नियोजन करायचे, ही दृष्टी दामोदर प्रकल्पाच्या वेळी मजूरमंत्री असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे नेली. उल्हासचे खोरे आज अनेक नगरपालिका, महापालिका आणि औद्योगिक वसाहतींत वाटले गेले आहे, आणि प्रत्येक जण आपल्या हद्दीपुरते बोलतो. ‘वनशक्ती’ संस्थेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१५ मध्ये उल्हास-वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल प्रक्रिया केंद्रांना आणि स्थानिक संस्थांनाही जबाबदार धरले. दिशा बरोबर होती, कारण खाडीला हद्दी कळत नाहीत.

आपण काय विचारायचे?

संमतीपत्रात सांडपाण्याचे प्रमाण आणि मर्यादा दोन्ही लिहिलेले असतात. अमेरिकेत १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्यानुसार, दूषित नदी रोज एकूण किती भार सोसू शकते ते आधी ठरवायचे आणि मग तो भार वाटून द्यायचा, अशी पद्धत आहे. आपल्याकडेही वस्तीतल्या कोणालाही माहिती अधिकारात पुढचे प्रश्न विचारता येतात:

१. खाडीच्या या पट्ट्यात सोडायला परवानगी दिलेल्या सांडपाण्याचा एकूण रोजचा भार किती किलो आहे?

२. उन्हाळ्यातल्या ओहोटीला खाडी किती भार सोसू शकते, याचा अभ्यास झाला आहे का? असल्यास प्रत द्यावी.

३. नमुने कोणत्या तारखेला, किती वाजता, भरतीला की ओहोटीला घेतले?

४. शहरातले किती सांडपाणी प्रक्रिया न होता नाल्यात जाते?

५. गाळाची आणि मासळीची तपासणी शेवटची केव्हा झाली?

‘मर्यादेत आहे’ हे उत्तर यांपैकी एकाही प्रश्नाला लागू पडत नाही. नाल्याच्या काठावर स्वस्तात जागा मिळाली म्हणून राहणारी कुटुंबे आणि खाडीवर पोट असलेले आगरी-कोळी बांधव या चुकीच्या बेरजेची किंमत सर्वांत आधी मोजतात. त्यांच्या वतीने मागायचा आहे तो पूर्ण हिशोब, एकेका पाइपचा नव्हे तर सबंध खाडीचा.