मॅक् लो, जॅक्सन
मॅक् लो, जॅक्सन : (१२ सप्टेंबर १९२२–८ डिसेंबर २००४). अमेरिकन प्रयोगशील कवी, नाटककार आणि संगीतरचनाकार. जन्म शिकागो येथे. शिकागो विद्यापीठात व पुढे ब्रुकलिन कॉलेजात शिक्षण. यदृच्छेवर आधारलेल्या काव्यरचनेचा तो प्रमुख प्रवर्तक मानला जातो.

ट्रिस्टन त्सारा या दादावादी कवीने १९२० मध्ये वृत्तपत्रातील कापलेले शब्द पिशवीतून काढून कविता करण्याची कृती सांगितली होती. तिच्यात रूढ काव्याचा उपहास होता. मॅक् लोची प्रेरणा वेगळी होती. बौद्ध विचारांच्या, विशेषतः झेनच्या, प्रभावामुळे कवीच्या अहंकाराचा रचनेवरील ताबा सैल करावा, असे त्याला वाटले. १९५४ मध्ये त्याने फाशांच्या साहाय्याने बायबलमधील शब्द निवडून कविता रचल्या. संगीतकार जॉन केजच्या सहवासाने ही दिशा दृढ झाली. मंत्राक्षरांची चौकटीच्या कागदावर मांडणी करून सिद्ध केलेल्या सामूहिक पठणसंहितांना त्याने ‘गाथा’ हे नाव दिले (१९६१ पासून).

स्टँझाज फॉर आयरिस लेझॅक (लेखन १९६०) मध्ये बीजशब्दातील अक्षरांनी क्रमाने सुरू होणारे शब्द एखाद्या ग्रंथातून वेचले आहेत. पुढील पद्धतीत अक्षराचे स्थानही जुळावे लागते. मराठीत ‘कमल’ हे बीज घेतल्यास ‘क’ने आरंभ होणारा, नंतर ‘म’ दुसऱ्या स्थानी असलेला व शेवटी ‘ल’ तिसऱ्या स्थानी असलेला शब्द शोधावा लागेल, उदा., करवत, समई, सकल. एझ्रा पाउंडच्या कँटोजमधून त्याने पाउंडच्याच नावाचे बीज घेऊन अशी रचना केली.

या दुसऱ्या प्रकारात वस्तुतः यदृच्छा नाही. ग्रंथ व बीज ठरले, की निष्पत्तीही ठरते. हा भेद मॅक् लोने स्वतःच स्पष्ट केला. ग्रंथाची, बीजाची व नियमाची निवड कवीच करतो. त्यामुळे अहंकारातून पूर्ण सुटका होत नाही, हेही त्याने उत्तरायुष्यात मान्य केले. तथापि कवीच्या हेतूबाहेरील अर्थाला वाट मिळते आणि तो जुळविण्याचे काम वाचकाकडे येते, हे या पद्धतीचे खरे फलित होय. द प्रोनाउन्स (१९६४) मध्ये नर्तकांनाही असेच स्वातंत्र्य दिले आहे.

१९९९ मध्ये त्याला वॉलेस स्टीव्हन्झ पारितोषिक मिळाले. न्यूयॉर्क येथे तो निधन पावला.