दर्या की दऱ्या?

अलिबागच्या किनाऱ्यावर पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिलात, तर समोर दर्या दिसेल. त्याच रायगड जिल्ह्यातून पूर्वेकडे निघालात, तर सह्याद्रीच्या दऱ्या लागतील. या दोन शब्दांच्या लिखाणात फरक केवढा? 'दर्या'तला अर्धा र रफार होऊन माथ्यावर बसतो. 'दऱ्या'तला य च्या आधी आडवा येतो. आपल्या डोळ्याला हे सहज कळते. संगणकाला कसे कळावे?

संगणकाला अक्षरे ठाऊक नसतात, आकडे ठाऊक असतात. म्हणून प्रत्येक अक्षराला क्रमांक द्यावा लागतो. अमेरिकेत १९६३ साली 'अॅस्की' हा संकेत ठरला. त्यात सात बिट वापरत, म्हणजे एकूण १२८ क्रमांक. रोमन अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे त्यात बसली. देवनागरीला जागा नव्हती. अलिबागजवळच्या थळ गावाचे नाव रोमन लिपीत लिहिले, की त्यातला ळ हरवतो!

१९८४-८५ मध्ये 'क्लास' योजनेखाली भारतातील निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. त्यावर आठ आकडे देऊन नवे चिन्ह घडवता येई. पण चौकट ८ × ८ ठिपक्यांची. वर वेलांटी, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षर, हे सारे ६४ ठिपक्यांत मावणार कसे? शिवाय ते नुसते चित्र. हा र आहे, हे संगणकाला कळत नसे.

यावर तोड निघाली ती अशी: अक्षरांचा क्रम तेवढा साठवायचा आणि आकार जुळवण्याचे काम वेगळ्या प्रणालीवर सोपवायचे. कानपूरच्या आयआयटीत या तंत्रावर काम झाले. १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेने ते 'जिस्ट' या नावाने पुढे नेले. १९९१ साली 'इस्की' हा भारतीय संकेत प्रमाण ठरला. त्याच वर्षी जगातील लिपींसाठी 'युनिकोड'ची पहिली आवृत्ती निघाली.

युनिकोडमध्ये 'दर्या' असा साठवतात: २३४२, २३५२, २३८१, २३५१, २३६६. 'दऱ्या'साठी फक्त दुसरा आकडा बदलून २३५३ होतो. एका आकड्याने समुद्राची दरी होते!

मात्र एक गोम आहे. हाच आडवा र साधा र, हलन्त आणि न दिसणारे एक जोडचिन्ह देऊनही उमटतो. डोळ्याला दोन्ही सारखेच. संगणकाला मात्र वेगळे. 'गोऱ्हे' हे आडनाव यादीत एका रीतीने नोंदले आणि दुसऱ्या रीतीने शोधले, तर यादीत असूनही ते सापडणार नाही, असे होऊ शकते. नावे नोंदवताना सर्वांनी एकच रीत पाळणे म्हणूनच महत्त्वाचे.

आता आलेखाच्या कागदावर ८ × ८ चौकोन आखा आणि त्यांत ळ बसवून पाहा. मग 'ळू' बसतो का, तेही पाहा. किती चौकोन कमी पडले?