घरगुती हिंसा आणि पुरुष : रूढ समज व वस्तुस्थिती

स्त्रियांवरील हिंसा हा ‘बायकांचा प्रश्न’ असून तो स्त्री-संघटनांनी, फार तर पोलिसांनी व न्यायालयांनी सोडवावा, हा समज सुशिक्षित वर्तुळांतही घट्ट रुजलेला आहे. वस्तुतः हात उगारणारा बहुधा पुरुष असताना प्रश्न मात्र बायकांचा ठरावा, यातच त्या समजाचा फोलपणा दिसतो. पत्नीला मारहाण करणे ज्यांना मान्य नाही अशा पुरुषांनी पुढे यावे, असे आवाहन १९९१ मध्ये मुंबईतील एका पत्रकाराने वृत्तपत्रातून केले, तेव्हा दोनशेहून अधिक पुरुषांनी प्रतिसाद दिला आणि त्यातूनच १९९३ मध्ये ‘मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज’, म्हणजेच ‘मावा’, ही पुरुषांची संघटना उभी राहिली.

सर्वांत चिवट समज रागाविषयीचा आहे. ‘राग अनावर झाला आणि हात उठला’ हे स्पष्टीकरण मारणारा देतो, शेजारी ते मान्य करतात आणि पुष्कळदा मार खाणारीही तेच सांगते. परंतु हाच गृहस्थ कचेरीत साहेबाची बोलणी मान खाली घालून ऐकून घेतो, लोकलच्या गर्दीत धक्का बसला तरी समोरच्याचा आडदांडपणा पाहून गप्प राहतो आणि घरी आल्यावर मात्र भाजीत मीठ जास्त झाले म्हणून ताट भिरकावतो. तेव्हा त्याचा ताबा सुटलेला नसून तो कोठे सोडायचा याची त्याला पक्की जाण असते, असेच म्हणावे लागते. अभ्यासक ज्याला सत्तासंबंध म्हणतात, म्हणजे एकाने दुसऱ्यावर हुकमत गाजवावी आणि दुसऱ्याने ती निमूट सोसावी अशी रूढीने मान्य केलेली रचना, तिच्यात या हिंसेचे मूळ आहे.

दारूचे तसेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) ज्यांचे पती वारंवार दारूच्या नशेत असतात अशा स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा झाल्याचे सांगितले. म्हणजे दारूने धोका वाढतो हे खरे. मात्र ज्यांचे पती दारूला शिवत नाहीत अशा स्त्रियांमध्येही हे प्रमाण सुमारे २३ टक्के होते, आणि या आकड्याचा जाब दारूला विचारता येत नाही.

मारहाण नसेल तर हिंसा नाही, हा समज कायद्यानेच मोडीत काढला आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ या कायद्यात शारीरिक व लैंगिक छळाबरोबरच शाब्दिक-भावनिक छळ, म्हणजे अपमान, टोमणे, मूल न होण्यावरून हिणवणे, आणि आर्थिक छळ, म्हणजे घरखर्चाला पैसे न देणे किंवा स्त्रीधन बळकावणे, यांचाही समावेश आहे.

खोट्या तक्रारींचा सुळसुळाट झाल्याची ओरड वारंवार ऐकू येते. कायद्याचा गैरवापर होऊच शकत नाही असे कोणी म्हणणार नाही, आणि पत्नीच्या छळाच्या फौजदारी तक्रारींवरून होणाऱ्या सरसकट अटकेला सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच आळा घातला आहे. पण उपरोक्त सर्वेक्षणात हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ७७ टक्के स्त्रियांनी ना कोणाची मदत मागितली, ना कोणाजवळ तोंड उघडले. काही कारणांसाठी पतीने पत्नीला मारणे योग्यच, असे मानणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण (४५ टक्के) पुरुषांपेक्षा (४४ टक्के) किंचित जास्तच निघाले, ही बाब या मौनावर पुरेसा प्रकाश टाकते.

राहता राहिला तो ‘नवरा-बायकोच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये’ हा शहाणपणा. हस्तक्षेप म्हणजे मारामारीत उडी घेणे, अशी भीती त्यामागे असते. ‘ब्रेकथ्रू’ या संस्थेच्या २००८ मधील ‘बेल बजाओ’ मोहिमेने ती खोडून काढली. शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज येताच दाराची घंटा वाजवायची आणि काहीतरी साधी वस्तू मागायची, एवढीच त्यातील कृती. तेवढ्याने उगारलेला हात थांबतो आणि कोणीतरी ऐकत आहे हे आतल्या माणसाला कळते. स्वतः पुढे होणे जमत नसेल, तर उपरोक्त अधिनियमाच्या कलम ४ नुसार हिंसा घडत आहे किंवा घडण्याचा संभव आहे असे वाटणारी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला तशी माहिती देऊ शकते, आणि ती सद्भावनेने दिलेली असेल तर माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कोणतेही दायित्व येत नाही.