कंद जाड, साखर पातळ : शर्कराकंदाची गोष्ट आणि आपले बेणे



ऊस प्रदर्शनात परीक्षक म्हणून बसण्याचा योग आम्हाला अनेकदा आला. मांडवात ऊस उभे केलेले, गळ्यात झेंडूच्या माळा, आणि सर्वांत लांब व मनगटासारखा जाड असेल त्या उसाला पहिला नंबर, हा जणू ठरलेला रिवाज. एका वर्षी बक्षिसे जाहीर झाल्यावर आम्ही सहज खिशातला रिफ्रॅक्टोमीटर काढला. कोपऱ्यात उभा असलेला, कोणी ढुंकूनही न पाहिलेला मध्यम जाडीचा ऊस पहिल्या नंबराच्या उसापेक्षा तीन अंशांनी गोड निघाला. आता करता काय? माळ तर घातली गेली होती! डोळ्याने केलेली निवड किती फसवी असते हे त्या दिवशी आम्हाला कळले.

हीच चूक युरोपातल्या शेतकऱ्यांनी शर्कराकंदाच्या, म्हणजे शुगर बीटच्या, बाबतीत कित्येक वर्षे केली. ती सुधारली कशी, हे आपण ऊसवाल्यांनी समजून घेण्यासारखे आहे.

जनावराच्या चाऱ्यातून साखर

आपण कोशिंबिरीला वापरतो ते लाल बीट आणि साखरेचे पांढरे बीट ही एकाच जातकुळीतली भावंडे. १७४७ साली बर्लिनमध्ये मारग्राफ नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, बीटमधील साखर आणि उसातील साखर एकच आहे. त्यांचे शिष्य आखार्ड यांनी पुढे चाऱ्याच्या बीटमधून पांढऱ्या सालीचे, पांढऱ्या गराचे, निमुळते कंद निवडले आणि सायलेशिया प्रांतात, म्हणजे आजच्या पोलंडमध्ये, १८०२ साली पहिला बीट साखर कारखाना चालू केला. त्या कंदात साखर होती जेमतेम पाच-सहा टक्के. आजच्या बीटमध्ये ती १६ ते १८ टक्के, कधी त्याहूनही जास्त भरते. आजचे जवळजवळ सर्व शर्कराकंद त्या सायलेशियन पांढऱ्या बीटचेच वंशज आहेत.

पाचाचे सोळा झाले कसे? खताने नव्हे, पाण्याने नव्हे, तर निवडीने. पण नुसत्या डोळ्याच्या निवडीने मात्र नाही.

आकार एक, गोडी दुसरी

घरी बीट आडवे कापले तर आत वलये दिसतात. वलये दाट आणि पेशी बारीक, तर साखर जास्त. कंद फुगला की पेशी मोठ्या होतात, पाणी वाढते आणि साखरेचे प्रमाण उतरते. म्हणून वजन आणि गोडी ही जोडी सहसा एकमेकांच्या विरुद्ध दिशेने ओढते. सर्वांत मोठा कंद बियाण्याला ठेवणारा शेतकरी नकळत साखर कमी करत होता.

फ्रान्समध्ये लुई द व्हिलमोरँ यांनी १८५० नंतर यावर युक्ती काढली. आधी त्यांनी कंद मिठाच्या पाण्यात सोडून पाहिले. जड असेल तो बुडेल. पण कंदात हवेची पोकळी असली की ती परीक्षा फसायची. मग त्यांनी कंदाचा छोटा तुकडा काढून त्याचा रस तपासायला सुरुवात केली. रसात चांदीचा तुकडा तोलून रसाची घनता काढायची आणि उरलेला कंद पुढच्या वर्षी बियाण्यासाठी लावायचा. बीट हे आपल्या कांद्यासारखेच दोन हंगामांचे पीक. पहिल्या वर्षी कंद, मग थंडी खाऊन दुसऱ्या वर्षी डेंगळा आणि बी.

पण व्हिलमोरँ यांचा खरा शोध याच्या पुढचा. त्यांनी प्रत्येक कंदाचे बी वेगवेगळे पेरले. तेव्हा दिसले असे की, दोन कंदांची साखर सारखी असूनही एकाची पोरे सगळी गोड निघत, तर दुसऱ्याची काही गोड, काही पाणचट. म्हणजे कंद स्वतः गोड असणे निराळे आणि गोडी पुढच्या पिढीत उतरवणे निराळे. आपल्याकडे वळू निवडताना जाणता माणूस त्याची वासरे बघतो, तसेच हे.

काही गुण एका जनुकाचे, काही अनेकांचे

मेंडेलचे नियम १९०० साली पुन्हा उजेडात आले आणि या साऱ्याचा उलगडा होऊ लागला. बीटचा रंग मुख्यतः दोन जनुकांवर ठरतो. दोन्ही प्रभावी असतील तर कंद लाल. त्यातले एकच विशिष्ट जनुक असेल तर पिवळा. गरात रंग भरणारे जनुक सुप्त असेल तर पांढरा. डेंगळ्याचेही तसेच. पहिल्याच वर्षी डेंगळा आणणारे एक प्रभावी जनुक रानटी बीटमध्ये असते. त्याचा पराग वाऱ्याने बियाण्याच्या प्लॉटवर आला की पुढच्या पिकात पहिल्याच वर्षी डेंगळे निघतात आणि कंद लाकडासारखा होतो. आपल्याकडे तुरा आलेला ऊस पोकळ पडतो, तशातलीच गत.

सर्वांत मोलाची गोष्ट बियाची. बीटचे एक 'बी' म्हणजे खरे तर दोन ते पाच बियांचा चिकटलेला घोस. एका जागी तीन-चार रोपे उगवत आणि मजुरांना वाकून, गुडघ्यावर बसून एकच रोप ठेवत विरळणी करावी लागे. अमेरिकेत १९४८ साली साव्हित्स्की या संशोधकांनी ओरेगॉन राज्यातल्या बियाण्याच्या शेतात एकेक झाड न्याहाळून, एका घोसात एकच बी असलेली फक्त पाच झाडे शोधली. त्यांपैकी दोनच पुढे खरी उतरली. हा गुण एकाच सुप्त जनुकाचा. पहिल्या संकरात तो लपून बसतो, दुसऱ्या पिढीत चारांत एक या प्रमाणात वर येतो. आज जगातली बहुतेक बीटची पेरणी अशा एकबीजी वाणांची आहे आणि विरळणीचे ते कष्ट जवळजवळ संपले आहेत.

वजन, साखर आणि कंदाचा आकार मात्र एका जनुकाचे गुण नव्हेत. तिथे अनेक जनुके थोडा थोडा वाटा उचलतात, शिवाय जमीन, पाणी आणि नत्राचाही वाटा असतो. म्हणून डोळ्याला दिसणारे किती रक्तातले आणि किती खताच्या पोत्यातले, हे पुढची पिढी पेरल्याशिवाय कळत नाही.

काट्यावर जे मोजाल ते शेतात वाढेल

आता खरी मेख ऐका. व्हिलमोरँ फ्रान्सचे, पण त्यांच्या विद्येचा फायदा आधी उचलला जर्मनीने. कारण काय? जर्मनीत १८४१ पासून सरकारी कर कारखान्यात येणाऱ्या बीटच्या वजनावर होता. जितकी साखर कमी, तितका साखरेच्या पोत्यामागे कर जास्त. साहजिकच कारखाने गोड कंद मागू लागले. फ्रान्समध्ये कर तयार साखरेवर होता आणि शेतकऱ्याला पैसे वजनाचे. तो मोठे, पाणचट कंदच पिकवत राहिला. १८८४ साली फ्रान्सने कायदा बदलून कर बीटवर बसवला, तेव्हा तिथलेही वाण झपाट्याने बदलले. युरोपात आज बीटचा भाव सामान्यतः १६ टक्के साखर धरून ठरतो, कमी-जास्त साखरेप्रमाणे तो बदलतो आणि कंदाच्या खाचेत अडकून आलेली माती वजनातून वजा होते.

आपल्याकडे काटा वजन सांगतो, भाव मात्र साऱ्या कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरतो. म्हणजे एकाने आठ-नऊ महिन्यांचा कोवळा ऊस गव्हाणीत टाकला की त्याचे टनेज त्याच्या खात्यावर आणि घटलेला उतारा आपणा सर्वांच्या खात्यावर! शेजाऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपण आपल्याच फडाकडे पाहावे.

मग बेणे निवडायचे कसे?

इथे ऊस आणि बीट यांतला फरक ध्यानात घ्या. बीट बियापासून येते, म्हणून प्रत्येक रोप थोडे निराळे. ऊस टिपरीपासून येतो, म्हणून एका वाणाच्या फडातला जाड ऊस आणि बारीक ऊस रक्ताने एकच. बांधाकडेचा ऊस जाड झाला तो उजेड, पाणी आणि खत जास्त मिळाल्याने. त्याचे बेणे लावून वाण सुधारत नाही. नवा वाण घडतो तो कोइमतूर, पाडेगाव यांसारख्या केंद्रांत, जिथे फुलांचा संकर होतो आणि हजारो रोपांतून एखादे टिकते.

मग आपल्या हातात काय? दोन गोष्टी. पहिली, वाण निवडताना टनेज आणि साखर हे दोन्ही आकडे विचारा. फुले २६५ टनेजला चांगला आणि चोपण जमिनीतही तग धरणारा. को ८६०३२ साखरेला उजवा. जमीन आणि तोडणीचा महिना पाहून ठरवा. दुसरी, बेणे जाड पाहून नव्हे, निरोगी पाहून घ्या. बेणे मळ्यातले, नऊ ते अकरा महिन्यांचे, डोळे फुगीर आणि ताजे असावे. काणी किंवा गवताळ वाढ दिसलेल्या फडातले बेणे फुकट मिळाले तरी नको. टिपरीतून वाणाचे गुण जसे जातात, तसाच रोगही जातो.

येत्या प्रदर्शनात आम्ही नंबर देण्याआधी रस काचेवर टाकणार आहोत. माळ कोणाच्या गळ्यात पडते ते पाहू. सभासदांनीही लागणीपूर्वी गट ऑफिसात येऊन बेण्याची नोंद करावी आणि आपला फड एकदा रिफ्रॅक्टोमीटरने तपासून घ्यावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.