मामांची जोडी

माझ्या ग्रुपमध्ये स्नीकर्स जमवणारा एक आहे, फ्रिज मॅग्नेट्स जमवणारी एक आहे, आणि जुन्या कॅसेट्सचा अख्खा ड्रॉवर तर माझ्याच घरी आहे. पण कलेक्शनचा विषय निघाला की मी सरळ उस्मानपुऱ्यातल्या मामांचं नाव सांगते. मामा जुनी टार्गेट रिव्हॉल्व्हर्स जमवतात. पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "बाप रे, किती आहेत?"

दोन.

यावर सगळे हसतात. दोनाचं कसलं डोंबलाचं कलेक्शन?

मीही हसले होते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी मामांकडे गेले, तर ते रिकाम्या लॉकरसमोर खुर्ची टाकून बसलेले. निवडणूक आली की परवान्याची शस्त्रं पोलिस ठाण्यात जमा करावी लागतात. "पोरं हॉस्टेलला गेल्यासारखं वाटतंय यांना," मामी आतून म्हणाल्या. "खरी पोरं गेली तेव्हा एवढं वाटलं नव्हतं!"

त्या दुपारी चहाच्या तीन फेऱ्यांत मला ही भानगड कळली. अमेरिकेतल्या स्मिथ अँड वेसन कंपनीनं दुसऱ्या महायुद्धानंतर नेमबाजांसाठी तीन रिव्हॉल्व्हर्स बाजारात आणली. के-२२, के-३२ आणि के-३८. पॉइंट बावीस, पॉइंट बत्तीस आणि पॉइंट अडतीस. १९५७ मध्ये कंपनीनं त्यांना मॉडेल १७, १६ आणि १४ असे नंबर दिले, पण शौकीन मंडळी अजून जुन्याच नावांनी बोलतात. सांगाडा तोच, सहा गोळ्यांचं सिलिंडर तेच, सहा इंची नळी तीच. फरक फक्त काडतुसाचा.

आणि इथंच खरी गंमत आहे. नळीचं छिद्र मोठं केलं की तेवढं पोलाद कमी होतं, म्हणजे वजन घटतं. मग कंपनीनं काय केलं? नळीच्या पाठीवर जी पट्टी असते, तिची रुंदी प्रत्येक मॉडेलला कमी-जास्त केली. सहाही गोळ्या भरल्या की तिघींचं वजन सारखं, साधारण १.१ किलो. तिकडच्या स्पर्धांत एकाच दिवशी वेगवेगळ्या बोअरनं नेमबाजी करावी लागते. स्वस्त बावीसवर सराव करायचा आणि मोठ्या बोअरचं हत्यार उचललं तरी हाताला कळता कामा नये, असा तो फंडा. म्हणजे 'मॅचिंग' हे दिसण्यापुरतं नाही, हाताला जाणवणारं आहे. (साडी-ब्लाउजच्या मॅचिंगसाठी अख्खी गुलमंडी पालथी घालणाऱ्या मला हे लगेच पटलं.)

मॅचिंगचा दुसरा अर्थ नंबरांचा. 'के' अक्षरानं सुरू होणारा सीरियल नंबर सांगाड्यावर असतोच, पण लाकडी मुठीच्या आतल्या बाजूलाही तोच नंबर मारलेला असतो. मूठ बदललेली निघाली की शौकिनाचं तोंड उतरतं. मामांनी के-३२ हैदराबादच्या एका जुन्या नेमबाजाच्या घरून घेतलं, तेव्हा म्हणे सगळ्यात आधी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. नंबर जुळला. तिघींमध्ये के-३२ सर्वांत कमी बनली, त्यामुळे ती मिळायला मामांना बारा वर्षं लागली. त्यातून ऐंशीच्या दशकात आपल्याकडे सामान्य माणसाला परदेशी शस्त्रं आयात करणं बंद झालं. तेव्हा जी देशात होती, तीच या हातातून त्या हातात फिरतात, आणि भाव विचारूच नका.

मग तिसरी? के-३८? ती कधीच येणार नव्हती. पॉइंट अडतीस आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअर, साध्या परवान्यावर मिळत नाही. म्हणजे सेट तिघींचा असला तरी भारतात तो दोघींवरच थांबतो. मामांनी हे केव्हाच मान्य केलं होतं. पण लॉकरमध्ये तिसरं शस्त्र होतंच. आजोबांची बारा बोअर. कन्नडच्या शेतावर रानडुकरं हाकलायला घेतलेली.

डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायदा बदलला. १९८३ पासून एका माणसाला तीन शस्त्रं ठेवता येत होती, ती मर्यादा दोनवर आली. वारशानं आलेलं शस्त्रही त्या दोनातच धरायचं. जास्तीचं एका वर्षात जमा करायचं किंवा रीतसर विकायचं. मेडल मिळवलेल्या नेमबाजांना जादा शस्त्रांची सवलत आहे, पण मामांकडे मेडल एकच, तेही कॉलेजातल्या कॅरमचं.

मला विचाराल तर कायदा काही चुकीचा नाही. याच दुरुस्तीत लग्नात हवेत बार काढणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. फार आधी यायला हवी होती. माझ्या घरात मी बंदूक ठेवणार नाही. पण हे सगळं शेजाऱ्याच्या लॉकरबद्दल बोलायला सोपं आहे.

आमच्या घरात लॉकडाऊनच्या त्या वर्षभर एकच विषय होता. आईचं म्हणणं साधं, "दादा, अण्णांची बंदूक घरातून जाता कामा नये. त्या अमेरिकन खेळण्यातलं एक विक." मामा म्हणायचे, "एक विकलं तर दुसऱ्याला अर्थ काय उरतो, ताई?" आईनं फोन ठेवून दिला. आईच्या किंवा कुणा भावंडाच्या नावावर परवाना असता तर प्रश्नच नव्हता, पण त्या भानगडीत पडायला कुणीच तयार नव्हतं. आईसुद्धा. हे मी तिला बोलून दाखवलं, त्या दिवशी माझ्याशीही अबोला.

२०२० च्या दिवाळीआधी बारा बोअर सिल्लोडकडच्या एका परवानाधारक शेतकऱ्याला गेली. त्या भाऊबीजेला आई गेली नाही. चार महिने बहीण-भाऊ बोलत नव्हते.

मामा चुकले का? मला आजही ठरवता येत नाही. आजोबांचा हात लागलेली वस्तू गेली आणि ज्यांचा आमच्या घराशी काही संबंध नाही अशा दोन वस्तू राहिल्या. पण लॉकर उघडून त्या शेजारी-शेजारी ठेवताना मामांचा चेहरा मी पाहिलाय. बारा बोअरकडे ते असं कधी बघत नव्हते.

मी एकदा विचारलं, "मामा, डोळे मिटून दोन्ही हातात धरून बघू? खरंच सारख्या लागतात का?"

"लायसन्सवर नाव आहे का तुझं?" मामा म्हणाले आणि लॉकर बंद केलं.

पुढचं काय, तेही त्यांना माहीत आहे. मुलगा पुण्यात, मुलगी दुबईत. दोघांनाही यात इंटरेस्ट नाही. मामांच्या मागे जोडी एकत्र राहायची तर दोन्ही एकाच परवान्यावर जायला हव्यात, म्हणजे त्या माणसाचा कोटा तिथंच संपला. असा वेडा शोधायला मामांनी सुरुवात केलीय. घाई नाही म्हणतात.

बारा बोअर देताना काडतुसांचा चामडी पट्टा मात्र त्यांनी काढून ठेवला होता. २०२१ च्या मार्चमध्ये स्वतः घेऊन आले आणि आईच्या हातात दिला. आई काहीच बोलली नाही, चहा टाकला. पट्टा आता आमच्या घरी आईच्या कपाटात साड्यांखाली आहे. दर पावसाळ्यानंतर ती तो बाहेर काढते आणि खोबरेल लावून ठेवते.